नियम उठले, तापाच्या दिवसाची मजुरी उठवू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात; पत्र आणि उत्तर मे २०२२ मधलं, त्यातले नियम, मुदती आणि रकमा तेव्हाच्या):

ताई, सप्रेम नमस्कार. कारंजा तालुक्यात आमची तुरीची दालमिल आहे. मी आणि माझे थोरले बंधू मिळून चालवतो. २६ माणसं कामाला आहेत. त्यात ११ बाया निवडायला बसतात, बाकी हमाल, दोन मशिनवाले आणि दिवाणजी. कोरोनाची दोन वर्षं सरकारनं जे जे सांगितलं ते केलं. फाटकावर तापाची बंदूक, रजिस्टर, सॅनिटायझर, काट्याजवळ प्लॅस्टिकचा पडदा, बारदान्यावर फवारणी, सगळ्यांना मास्क. कामाच्या पाळ्याही दोन केल्या होत्या. मागच्या वर्षी दुसऱ्या लाटेत आमच्याकडच्या एका बाईचा नवरा गेला. तेव्हापासून मी माझ्या मनानं एक सुरू केलं: कोणाला ताप आला तर तीन दिवस घरी राहायचं, अर्धी मजुरी मिळेल.

आता पाडव्यापासून नियम उठले. माणसं म्हणतात, "सरकारनंच मास्क काढला ना भाऊ, मंग आमाले कायले बांधाले लावता?" नवरा गेलेली ती बाई मात्र मास्क काढत नाही, खिडकीशी वेगळी बसते. बाकीच्या तिला चिडवतात, "कोरोना गेला, तुह्यं फडकं काही जात नाही." दादा म्हणतात, सरकारचा नियम गेला तर आपली खैरात कशाला, तापाची मजुरी बंद कर. दोन हमालांनी लसीचा दुसरा डोस घेतलाच नाही, त्यांना कामावरून कमी करावं असंही दादांचं म्हणणं. मला काही सुचत नाही. काय ठेवू, काय काढू?
— एक दालमिलवाला, जि. वाशीम

उत्तर:

भाऊ, नमस्कार. आधी एका तारखेचं बोलते, कारण ती निघून गेली तर बाकीचं उत्तर त्या ताईंच्या काही कामाचं राहणार नाही.

कोरोनानं दगावलेल्या माणसाच्या जवळच्या वारसाला ५०,००० रुपये सानुग्रह मदत मिळते. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०२२ ला मुदत ठरवून दिली. मृत्यू २० मार्च २०२२ च्या आधीचा असेल तर त्या आदेशापासून ६० दिवसांत अर्ज करायचा, म्हणजे २३ मे २०२२ पर्यंत. त्यांनी अर्ज केला आहे का, हे आजच विचारा. "हो, कुणीतरी कागद नेले होते" एवढ्यावर थांबू नका, पोच बघा. गावाकडं असे कागद कोणाच्या तरी पिशवीत महिनोन्महिने पडून राहतात, हे मी खूप पाहिलं आहे. अर्ज ऑनलाइन आहे, सेतूवर भरून मिळतो. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नसलं म्हणून हात टेकू नका. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोरोनाचाच धरतात, मग तो दवाखान्याबाहेर झालेला का असेना. चाचणीचा कागद हरवला असेल तर जिथं चाचणी झाली तिथं नोंद मिळते. सोबत दिवाणजींना पाठवा, आणि त्या दिवसाचा रोज कापू नका. कोरोनात नवरा गेलेल्या बायांसाठी राज्याचं मिशन वात्सल्य आहे, त्याची तालुका समिती असते. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला मदत मिळू शकते. तहसीलची ही सगळी कामं एकाच फेरीत विचारून घ्या.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. सूतगिरणीत मी बरीच वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते, त्यामुळं रुईची धूळ, हमालांची हमाली आणि मालकाची अडचण या तिन्ही गोष्टी मला जवळून माहीत आहेत. तुमच्या पत्रात "नियम" या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी आल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू.

पहिले नियम कोरोनासोबत आले. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, या दोन कायद्यांच्या जोरावर दोन वर्षं दुकानाची वेळ, माणसांची संख्या, मास्क आणि दंड ठरत होते. आपल्या भागानं ते जरा जास्तच सोसले. २०२१ च्या फेब्रुवारीत बाकी महाराष्ट्र मोकळा होता, तेव्हा अमरावती जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली होती. मग जूनमध्ये पाच स्तर आले. जिल्ह्यात किती टक्के चाचण्या पॉझिटिव्ह आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या, त्यावर दर आठवड्याला वेळा बदलायच्या. नोव्हेंबरच्या आदेशात मास्क नसलेल्या माणसाला ५०० रुपये आणि तो ज्या आस्थापनेत सापडला तिला १०,००० रुपये दंड होता. तुमच्या दादांच्या मनात जी चीड आहे ती त्या दिवसांची आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. लहान मिलवाल्याला १०,००० म्हणजे काय, हे कागद काढणाऱ्यांना कळत नव्हतं. हे सगळे नियम राज्यानं ३१ मार्च २०२२ ला मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि पाडव्यापासून ते गेले. मास्क ऐच्छिक झाला. केंद्रानंही आपत्ती कायद्याखालचे निर्बंध ३१ मार्चनंतर पुढे वाढवले नाहीत. आता तुम्हाला यावरून कोणी दंड करणार नाही.

दुसरे नियम कोरोनासोबत आले नाहीत, म्हणून त्याच्यासोबत गेलेही नाहीत. २०२२ मध्ये लागू असलेला १९४८ चा कारखाना कायदा काढून बघा. कलम १३ मध्ये हवा खेळती ठेवणं आहे, कलम १४ मध्ये धूळ जिथं उठते तिथंच ओढून घेणं, कलम १८ मध्ये पिण्याचं पाणी, कलम ४२ मध्ये हात-तोंड धुण्याची सोय. तुम्ही कोरोनात जे चांगलं केलं त्यातलं निम्मं १९४८ मध्येच सांगून ठेवलेलं होतं. ते तुम्ही मनात आणलं तरी काढू शकत नाही.

तिसरी गोष्ट तुमची स्वतःची आहे, तापाच्या दिवसाची अर्धी मजुरी. ती कोणत्याच सरकारनं सांगितली नव्हती. म्हणून "सरकारचा नियम गेला" हे दादांचं म्हणणं तिला लागूच पडत नाही. तुमच्या मिलमधली मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट, आणि तिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे.

रोजावरचा माणूस ताप का लपवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी अंग तापलेलं असतं, तो मेडिकलवरून एक गोळी घेतो, वर चहा मारतो आणि फाटकावर उभा राहतो. बंदूक ९७ दाखवते. विचारलं तर सांगतो, "काही नाही भाऊ, उन्हाचं आंग गरम हाय." मग तो दिवसभर कट्टे (भरलेली पोती) उचलतो, बायांच्या खोलीतून ये-जा करतो, त्याच माठाचं पाणी पितो. त्यानं खोटं सांगितलं म्हणून त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. घरी बसला तर चूल पेटत नाही. आजाराला घरी थांबवायचं असेल तर आधी त्या दिवसाच्या मजुरीचा विचार करावा लागतो. मास्क, पडदा, फवारणी हे सगळं त्याच्या मागून येतं.

आणि हे फक्त कोरोनाचं नाही. येत्या पावसाळ्यात हगवण येईल, टायफॉइड येईल, डेंग्यू येईल. त्याहून मोठा म्हणजे टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून मिळते, फुकट, औषधही फुकट. पण केंद्रात जाणं-येणं म्हणजे एक रोज बुडाला, म्हणून माणूस महिना-दोन महिने तसाच खोकत काम करतो आणि तेवढ्या दिवसांत शेजारी बसणाऱ्यांनाही देऊन जातो. धुळीच्या कामात खोकल्याचं कोणाला काही वाटत नाही, ही आणखी एक अडचण.

आता हिशोब, कारण दादा हिशोबाचं ऐकतील. तुम्ही सरासरी रोज ३५० लिहिला आहे. समजा २६ च्या २६ माणसांनी वर्षात तीन-तीन दिवस तापाची सुट्टी घेतली आणि तुम्ही पूर्ण मजुरी दिली, तर २७,३०० रुपये होतात. अर्धी दिली तर १३,६५०. आणि हा वरचा आकडा झाला, सगळीच माणसं आजारी पडत नाहीत. दुसऱ्या बाजूला, मशिनवाला आणि चार हमाल एकाच आठवड्यात आडवे झाले, माल भरायला गाडी दारात उभी राहिली, तर किती जातं ते दादांनी स्वतः मांडावं. मागच्या वर्षी असं झालंच असेल. माझं तर म्हणणं आहे की अर्धी नको, पूर्णच द्या. अर्ध्या मजुरीत जो पोटापुरता कमावतो तो येतोच, आणि ज्याच्या घरी दुसरं कोणी कमावतं तोच घरी थांबतो. म्हणजे तुमचे पैसेही गेले आणि ताप मिलमध्ये आलाच.

लोक गैरफायदा घेतील, ही भीती रास्त आहे. त्यासाठी मर्यादा घाला, संशय घेऊ नका. एका वेळी तीन दिवस, वर्षात सहा, असं काही ठरवा. पहिल्या दोन दिवसांना डॉक्टरची चिठ्ठी मागू नका. खाजगी डॉक्टरची फी आणि जाण्या-येण्याचं भाडं धरलं तर त्या चिठ्ठीला रोजाएवढाच खर्च येतो. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर मात्र आरोग्य केंद्रात जायलाच लावा. कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर सौम्य आजाराला चाचणीपासून सात दिवस घरी राहायचं आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नसावा, हे जानेवारी २०२२ पासून चालत आलेलं आहे, तेच पाळा. आणि सुट्टी द्यायची की नाही हे मुकादमाच्या हाती ठेवू नका. दिवाणजींच्या वहीत नाव लिहिलं की झालं. मुकादमाला ज्याच्याशी वाकडं त्याचा ताप कधीच खरा नसतो.

हमालांचा एक पेच आहे. ते रोजावर नाहीत, कट्ट्यावर आहेत. जितके कट्टे उचलले तितके पैसे. त्यांच्या तापाच्या दिवसाचं काय द्यायचं? मागच्या चार आठवड्यांची त्यांची सरासरी काढा आणि ती द्या. नाहीतर तुमच्या योजनेतून नेमकी सर्वांत जास्त राबणारी माणसं बाहेर राहतील.

कायद्यात याला आधार किती, तेही सांगते. १९४८ च्या कारखाना कायद्यात आजारपणाची वेगळी पगारी रजा नाही. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, एवढंच आहे, आणि ती तरी तुम्ही देता का ते तपासा. खरा आधार कामगार राज्य विमा योजनेचा. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. मालकानं ३.२५ टक्के भरायचे, कामगाराचे ०.७५ टक्के कापायचे. जिनिंगवाल्यांना ही योजना लागत नाही, कारण हंगामी कारखाने तिच्यातून वगळलेले आहेत, आणि कापसाचं जिनिंग त्या यादीत नावानिशी आहे. तुमची दालमिल बारमाही चालते, त्या यादीत नाही. तेव्हा तुमचा भाग योजनेत घेतला आहे का, हे कामगार राज्य विमा महामंडळाच्या (ईएसआयसी) कार्यालयात लेखी विचारा. लागू होत असेल तर दादांच्या खिशावरचा भार बराच हलका होईल. तोवर वहीवरच्या तीन दिवसांवर चालवा.

हवेकडे येते. ही माझ्या मते दुसरी मोठी गोष्ट.

सुरुवातीला सगळ्यांनी हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर जोर दिला. पुढं कळलं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं सूचना काढली होती. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण हवेत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खोली हवेशीर ठेवा, असं तिच्यात होतं. तुमच्या ११ बाया जिथं बसतात त्या खोलीचं तुम्ही वर्णन केलं आहे: टिनाचं छप्पर, दोन खिडक्या, धूळ आणि उन्हाची झळ नको म्हणून दोन्ही बंद, आणि आत कोपऱ्यात कूलर. भाऊ, त्या खोलीत कूलर हवा गार करत असेल, पण तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आहे. एकीला खोकला असेल तर तो अकराही जणींच्या वाट्याला येतो.

कूलर उचला आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी घोडीवर बसवा. त्याच्या गवती ताट्यांची तोंडं बाहेर राहिली की तो बाहेरची ताजी हवा ओढून आत सोडेल. समोरची खिडकी चार बोटं नाही, चांगली हातभर उघडी ठेवा. मग आत आलेली हवा बाहेर पडायला जागा राहील. यानं खोली कमी गार होईल असं वाटतं, होतं उलटंच. बंद खोलीत कूलरची ओल साचते, घाम सुकत नाही, अंगाची चिकचिक होते. हवा बाहेर पडत राहिली की गारवा जाणवतो. निवडलेल्या डाळीला ओल लागेल म्हणून तुम्ही काळजी केली आहे, तिलाही हाच उपाय. शिवाय डाळीचे टोपले कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. खिडकीला बारीक जाळी लावा म्हणजे चिमण्या येणार नाहीत. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक एक्झॉस्ट पंखा बसला तर उत्तमच. जमलं की नाही ते बघायला खोलीत उदबत्ती लावा. धूर खिडकीकडे सरकत निघून गेला तर झालं. जागच्या जागी घुटमळला तर अजून वाट मोकळी करायची आहे.

पाळ्या तुम्ही गर्दी टाळायला केल्या होत्या. त्या मोडू नका, पण कारण बदला. यंदा मार्चपासूनच ऊन कसं तापलं ते आपण भोगतो आहोत. १९०१ पासूनच्या नोंदीत दिवसाच्या तापमानात २०२२ चा मार्च देशातला सर्वांत गरम मार्च ठरला. टिनाखाली दुपारी बारा ते चार माणूस बसवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. सकाळी सहाला सुरू करून अकराला सोडा, दुसरी पाळी चारनंतर. मात्र हे बायांना विचारून ठरवा. सहाला यायचं तर त्यांना चारला उठून भाकरी थापाव्या लागतात. सातचं ठरलं तर सात. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) २५ मेला लागतो, त्याच्या आत हे आणि कूलरचं, दोन्ही उरकून घ्या.

मास्कचं. सगळ्यांना बांधायला लावू नका. तो नियम गेला आहे, आणि मे महिन्यात आठ तास तोंड बांधून कट्टे उचलायला सांगणं मला माणुसकीचं वाटत नाही. ज्याला खोकला-सर्दी आहे पण ताप नाही, त्यानं खोलीत बसताना लावावा, एवढंच ठेवा. पण ज्याला लावायचा आहे त्याला कोणी काही बोलायचं नाही, हे तुम्ही स्वतः सांगा. मुकादमाकरवी नको. त्या ताईंच्या घरात काय घडलं हे साऱ्या मिलला माहीत आहे. चिडवणाऱ्या बायाही वाईट नाहीत. दोन वर्षांची भीती त्यांना लवकर विसरायची आहे, आणि ही समोर बसली की विसरता येत नाही. तरीही ते बंद झालं पाहिजे. ताईंची खिडकीजवळची जागा कायम ठेवा, तीच खोलीतली सर्वांत चांगली जागा आहे.

धुळीचा मास्क मात्र वेगळा. चाळणीपाशी आणि जिथं चुनी-भुसी पोत्यात पडते तिथं काम करणाऱ्याला कोरोना असो नसो, तोंड-नाक झाकावंच लागेल. तिथं साधं फडकं बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ लागतो. अर्थात कलम १४ प्रमाणं आधी धूळ ओढणारी यंत्रणा नीट करायची, मास्क त्यानंतर. आणि एक गोष्ट जिचं मला फार भय वाटतं: कोरोनात बायांना आणि पोरांना ओढणी, गमछा, दुपट्टा तोंडाला गुंडाळून लोंबती टोकं ठेवायची सवय लागली. यंत्राच्या पट्ट्याजवळ, माल वर चढवणाऱ्या एलेव्हेटरजवळ, गोट्याच्या यंत्राजवळ हे चालणार नाही. टोक पट्ट्यात गेलं की बटण दाबायलाही वेळ मिळत नाही. यंत्राजवळ जाणाऱ्याच्या अंगावर एकही सैल टोक नको, हे आजपासून सक्तीचं करा. इथं ऐच्छिक काही नाही.

आता जे काढायचं ते काढा. तापाची बंदूक ठेवून द्या. उन्हात सायकल हाणत आलेल्या माणसाचं कपाळ तिला तापलेलं दिसतं, आणि गोळी खाऊन आलेला निरोगी दिसतो. त्यापेक्षा फाटकावर "बरं वाटते ना?" एवढं विचारणं पुरे, मजुरी सुरक्षित असेल तर उत्तर खरं मिळेल. रजिस्टर बंद करा. काट्याजवळचा प्लॅस्टिकचा पडदा काढा, तो हवा अडवतो आणि शेतकऱ्याला ओरडून बोलावं लागतं. बारदान्यावरची फवारणी तर ताबडतोब थांबवा, त्यात खायचा माल भरतो आहात आपण. माणसांवर फवारणी करू नये हे तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं, तरी किती ठिकाणी माणसांना बोगद्यातून काढलं गेलं. उरलेल्या सॅनिटायझरचे कॅन भुसीच्या ढिगापासून आणि वेल्डिंगपासून दूर न्या, अल्कोहोल पेट घ्यायला ठिणगी पुरते.

साबण आणि नळ ठेवा. माठाला तोटी बसवा, म्हणजे एकच ग्लास सगळ्यांनी बुडवणं थांबेल. थुंकण्यावरची बंदीही ठेवा. आपल्याकडं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) एका पन्नीतून चार जणांच्या हातांनी फिरतो आणि मग भिंती रंगतात, ते कोरोनाच्या आधीही वाईटच होतं.

राहिले ते दोन हमाल. त्यांना कमी करू नका. लस घेण्याची कोणावर सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला सांगितलं, आणि साथ कमी असताना लस न घेतलेल्यांवर निर्बंध घालणंही न्यायालयाला योग्य वाटलेलं नाही. पण त्यांनी डोस का घेतला नाही, हे दादांनी कधी विचारलं का? पहिल्या डोसनंतर अंग दुखलं असणार, ताप आला असणार. दंड दुखतो तेव्हा ५० किलोचा कट्टा पाठीवर घेता येत नाही, म्हणजे दोन दिवसांची हमाली गेली. डोसच्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची सरासरी हमाली देतो म्हणा, मग बघा. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून मिलमध्येच एक दिवस शिबिर लावता येतं का विचारा, आशाताईंना सगळ्यांची नावं पाठ असतात. मिलमध्ये साठीच्या पुढचं कोणी असेल, दिवाणजी असावेत असं तुमच्या पत्रावरून वाटलं, तर मे २०२२ च्या नियमानं दुसऱ्या डोसला नऊ महिने झाल्यावर त्यांचा बूस्टर सरकारी केंद्रात फुकट आहे. साठीच्या आतल्यांना तो १० एप्रिल २०२२ पासून खाजगीत, पैसे देऊन मिळू लागला.

दादांशी बोलताना माझं पत्र त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका, त्यानं माणूस उलट अडून बसतो. आधी काढायच्या गोष्टींपासून सुरू करा. पडदा, बंदूक, रजिस्टर, फवारणी, मास्कची सक्ती: इतकं सगळं आपण बंद करतो आहोत हे त्यांना दिसू द्या, त्यांचं म्हणणं त्यात खरंच बरोबर आहे. मग २७,३०० चा हिशोब पुढे ठेवा आणि एक हंगाम करून बघू म्हणा. दिवाळीला वही उघडायची आणि किती दिवस गेले, किती रुपये गेले ते दोघांनी मिळून मोजायचं. तो आकडा मलाही कळवा, आणि विमा महामंडळाचं उत्तर आलं की तेही. इतर मिलवाल्यांची याच प्रश्नावर पत्रं आली आहेत, त्यांना ते उपयोगी पडेल.